हाताने ठिगळं लावलेली जपानी जीन्स : तुम्ही घ्याल का?

रानजाई (निशिकसाई, टोकियो)

गेल्या महिन्यात सुट्टीत आम्ही ओकायामाला गेलो होतो. तिथून मी एक दिवस एकटीच कोजिमाला जाऊन आले. जपानमधलं जीन्सचं गाव. स्टेशनच्या पायऱ्यांपासूनच जीन्सची चित्रं सुरू होतात आणि पुढे एका गल्लीत रस्त्यावर आडव्या दोऱ्या बांधून जीन्स टांगल्यात, चाळीत कपडे वाळत घालतात तशा. जपानमध्ये शिवलेली पहिली जीन्स १९६५ साली याच गावातली असं सांगतात, कापड मात्र अमेरिकेहून आणलेलं. त्याआधी गाव शाळेचे गणवेश आणि ताबी मोजे शिवायचं, त्यामुळे जाड कापड शिवायची मशीन आणि शिवणारे हात दोन्ही तयार होते. ही सगळी जमीन समुद्र हटवून केलेली. खारट मातीत भात येईना म्हणून कापूस लावला, आणि कापसामागून हे सगळं आलं.

आता मुद्द्याचं. एका छोट्या लेबलचं दुकान होतं, आत जेमतेम चार माणसं उभी राहतील एवढं. नाव देत नाही, कारण मला त्या एका दुकानाबद्दल नाही, या प्रकाराबद्दल बोलायचं आहे. खुंटीवर एक जीन्स होती. मूळ पँट साधी, सरळ पायाची, गडद निळी. उजव्या गुडघ्यावर तीन तुकडे एकावर एक: खाली जाडंभरडं सुती, त्यावर जुन्या किमोनोचा कासुरी (आपल्या इकतसारखा, पांढऱ्या फुल्यांचा), आणि सगळ्यात वर अंगठ्याएवढा विटका निळा तुकडा. या तिन्हींतून पांढऱ्या दोऱ्याचे आडवे टाके घातलेले, एकेक टाका तांदळाच्या दाण्याएवढा. मी विचारून पँट उलटी केली आणि आतून बघितली. एकही गाठ नाही. दोरा जिथे संपला तिथे चार टाके मागे नेऊन मुरवलेला. मागचा एक खिसा अख्खा बदललेला, तोही तशाच टाक्यांनी.

किंमत ९८,००० येन, म्हणजे साधारण ५५,००० रुपये. तीच पँट बिनठिगळांची २६,००० येनला शेजारी टांगलेली. दुकानातल्या बाई म्हणाल्या, एका पँटवर एकच बाई काम करते, आठ-नऊ दिवस लागतात.

मी घेतली नाही, पण डोक्यातून जातही नाही. आईला व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आम्ही ठिगळ आतनं लावायचो, दिसू नये म्हणून. ह्यांनी वरनं लावलंय."

तुम्हाला काय वाटतं? घ्यावी का अशी जीन्स? आणि घेतली तर आपण नेमके कशाचे पैसे देतो?

---

शंकासुर (पुणे)

मी घेणार नाही आणि कुणी घेतली तर मला वाईट वाटेल. रागावू नका, कारण सांगतो.

सातवीत माझ्या शाळेच्या चड्डीला मागे गोल ठिगळ होतं. दुसऱ्या चड्डीच्या पायाचं कापड, रंग थोडा फिका. बाईंनी फळ्याकडे बोलावलं की मी भिंतीला पाठ लावून जायचो आणि तसाच परत यायचो. वर्षभर. गणित येत असून हात वर करायचो नाही. ठिगळ म्हटलं की मला ते आठवतं. ज्यांच्यावर ती वेळ आली त्यांना ते लपवायचं होतं, आणि आता ज्यांच्यावर कधीच येणार नाही ते ५५,००० रुपये मोजून अंगावर मिरवणार. मला हे पटत नाही. कलाकुसर कितीही सुंदर असो.

---

मोगरा_डोंबिवली

शंकासुर, वाचून गलबलले. माझ्या भावाचंही असंच होतं.

---

सुईदोरा (जयसिंगपूर)

शंकासुर दादा, तुमच्या चड्डीला ज्यांनी ठिगळ लावलं त्यांचा हात कसा होता हे आठवतं का तुम्हाला? मी बावीस वर्षं वाकळा शिवते. आधी घरच्या, आता लोकांच्या. त्यामुळे मी हे दुसऱ्या बाजूनं बघते, सुईच्या बाजूनं.

रानजाईताईंनी दोन किमती दिल्यात, त्याचा हिशोब करते. ९८ मधून २६ गेले, उरले ७२ हजार येन. आठ-नऊ दिवसांनी भागलं तर रोजचे आठ-नऊ हजार. ताई, तिकडे किमान वेतन तासाला किती आहे? हजाराच्या आसपास असेल तर आठ तासांचे आठ हजार झाले. म्हणजे किंमत बघून आपले डोळे पांढरे होतात, पण त्या बाईला साध्या मजुरीपेक्षा फार काही मिळत नसणार. त्यात दुकानाचा वाटा, जुन्या कापडाचे पैसे. ५५ हजार ही मजुरी आहे, नखरा नाही.

आता माझं सांगते. डबल बेडची वाकळ, चार थरांची, दाट टाक्यांची, मला वीस ते पंचवीस दिवस लागतात. कडेनं सुरू करायचं आणि चौकोनात फिरत फिरत मध्ये यायचं. पोटात जुनेर घालायचं, म्हणजे मऊ झालेली लुगडी, धोतरं. नवं कापड पोटात घातलं तर वाकळ ताठ राहते, अंगाला लागत नाही. गिऱ्हाईक येतं, हात फिरवून म्हणतं, "जुन्या साड्यांचीच तर आहे, दोन हजाराला द्या." पंचवीस दिवसांचे दोन हजार. मी देत नाही, पण देणाऱ्या बायका आहेत, कारण घरात पैसा लागतो.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि गाठ कुठेच नाही, हे वाचलं तेव्हाच मला ती बाई कोण असेल ते कळलं. गाठ घातली की धुण्यात ती कापडाला भोक पाडते. टाके मागे मुरवणारी बाई ही पँट वीस वर्षं टिकावी म्हणून शिवत होती.

---

रानजाई

सुईदोराताई, तुमचा अंदाज बरोबर आहे. किमान वेतन प्रांताप्रमाणे बदलतं, पण हजाराच्या आगेमागेच. हा हिशोब मला सुचलाच नव्हता. मी ९८ हजार एवढाच आकडा बघत बसले होते.

---

धोटेवाला (इचलकरंजी)

वाकळीचा हिशोब वाचला, आता कापडाचा वाचा. ठिगळाखालच्या पँटबद्दल कुणी बोलत नाहीये.

रानजाईताई, पुन्हा जाल तेव्हा पायाची बाहेरची शिवण उलटून बघा. आत कापडाचा पांढरा काठ दिसेल, बहुतेक त्यात लाल दोरा असेल. तो काठ म्हणजे ते कापड धोट्याच्या मागावर विणल्याची खूण. धोटा आडवा धागा घेऊन एका कडेपासून दुसऱ्या कडेला जातो, वळतो आणि तोच धागा घेऊन परत येतो. धागा तुटत नाही, म्हणून काठ आपोआप बंद होतो. नव्या एअरजेट किंवा रेपिअर मागात प्रत्येक फेऱ्याला धागा कापला जातो, काठाला दशा राहतात, त्या ओव्हरलॉक करून लपवाव्या लागतात.

धोट्याच्या मागावर कापडाचा पन्हा जेमतेम ७५–८० सेंटिमीटर, नव्या मागावर त्याच्या दुप्पट. वेगही नव्याचा पाचपट वगैरे. मग जपानी लोक जुन्या मागावर का विणतात? कारण ताण कमी असतो. धागा दमून ताठ होत नाही, त्यात थोडी लवचीक ढील राहते, कापडाला हलकासा खडबडीतपणा येतो. बोटं फिरवली तर उंचसखल लागतं. रंग उतरतो तोही सरसकट उतरत नाही, उभ्या रेघा पडतात. नवा माग अगदी सपाट कापड देतो, ते शर्टाला उत्तम. जीन्सला जीव येतो तो त्या खडबडीतपणानं.

तिथले पुष्कळ माग तोयोदाचे आहेत. साकिची तोयोदा, ज्यांच्या घराण्यातून पुढे टोयोटा मोटार निघाली. १९२४ साली त्यांनी जी टाइप माग काढला, तो न थांबता धोट्यातली कांडी संपली की आपोआप धोटा बदलायचा. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्याचे हक्क विकत घेतले. ज्या इंग्लंडनं जगाला माग विकले त्या इंग्लंडनं!

आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला. माझ्या आजोबांनी चार साध्या मागांवर सुरुवात केली, वडिलांनी चोवीस केले. २०१४ ला मी त्यातले सोळा मोडीत काढले. किलोवर गेले. भंगारवाला हातोड्यानं बिडाच्या बाजू फोडत होता, कारण अख्खा माग टेंपोत बसत नव्हता. आई माडीवरून खाली आली नाही. जॉबर (माग दुरुस्त करणारे) म्हणून आमच्याकडे तीस वर्षं असलेले काका म्हणाले, "मालक, ह्याचा आवाज ऐकून मी सांगायचो कुठला माग लंगडतोय." तेच माग तिकडे सुटे भाग घरी बनवून चालवतात, एका जुन्या मागाच्या भागांवर दुसरा जगवतात.

म्हणून माझं उत्तर: बिनठिगळाची घ्या. ते २६ हजार येन कापडाचे आहेत आणि त्यातला पै न् पै वाजवी आहे. ठिगळं तुमची तुम्ही पाडा.

---

मोगरा_डोंबिवली

धोटेवाला, मागाचा प्रसंग वाचून पुढे काही लिहवत नाही. स्वतंत्र धागा काढा यावर, कृपया.

---

नीळवेडा (मुंबई)

मी धोटेवाल्यांच्या बाजूचा, कारण गेली अकरा वर्षं कोरी जपानी डेनिमच घालतो. रंग का उतरतो ते थोडं सांगतो, त्याशिवाय या चर्चेतली गोम कळणार नाही.

नीळ पाण्यात विरघळत नाही. आधी तिच्यातला प्राणवायू काढून घ्यावा लागतो, तेव्हा ती पिवळट-हिरवी होऊन विरघळते. शेकडो उभे धागे दोरखंडासारखे एकत्र करून त्यात बुडवायचे आणि वर काढून हवेत धरायचे. हवा लागली की हिरव्याचा निळा होतो, डोळ्यांसमोर. परत बुडवायचे, परत वर. इतक्या वेळा करूनही नीळ धाग्याच्या पोटात शिरत नाही, वरवर थरांनी बसते आणि गाभा पांढराच राहतो. हिरोशिमा प्रांतातल्या काइहारा कंपनीनं १९७० मध्ये ही दोरखंडाची पद्धत जपानमध्ये बसवली, त्याआधी ते कासुरी विणायचे. रानजाईंनी पाहिलेला फुल्यांचा तुकडा त्याच कुळातला.

गाभा पांढरा असल्यामुळे जिथे घासतं तिथे पांढरं उघडं पडतं. माझ्या उजव्या खिशावर मोबाईलचा चौकोन उमटलाय. गुडघ्यामागे मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलीय, ती लोकलमध्ये चौथ्या सीटवर पाय आखडून बसल्यामुळे, हे मी पैजेवर सांगतो. मुलगी लहान असताना डाव्या मांडीवर बसायची, ती मांडी उजवीपेक्षा फिकी आहे. आता ती नववीत आहे. ती पँट मी कुणालाही कुठल्याही किमतीला देणार नाही.

म्हणून तयार ठिगळांची, तयार उतरलेली जीन्स मला नको. सुईदोराताईंच्या मजुरीच्या मुद्द्याबद्दल पूर्ण आदर आहे, पण दुसऱ्याच्या आठवणी मी कशा घालू?

कोरी घेणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. कापड सॅनफोराइज केलेलं (म्हणजे गिरणीतच आधी आटवलेलं) नसेल तर पहिल्या पाण्यात चांगलंच आटतं, कमरेत दीड-दोन इंच सहज. दुकानात आधी विचारा. आणि मुंबईत १४ औंसांच्या (चौरस यार्डामागे वजन) वरचं जाड कापड पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही, आंबूस वास येतो. २१ औंसांच्या पँटचा मोह मलाही झाला होता. थंड गावात राहणाऱ्यांनी घ्यावी.

---

कॅम्प_पाच (उल्हासनगर)

नीळवेडा सर, रंग कसा उतरतो ते तुम्ही सांगितलं. तो कसा उतरवतात ते मी सांगतो. सहा वर्षं जीन्स वॉशच्या कारखान्यात होतो.

कोरी पँट येते. रबराचे दोन फुगे असतात, पायांच्या आकाराचे, त्यांना आम्ही बलून म्हणायचो. त्यावर पँट चढवून हवा भरायची, पँट माणूस उभा असल्यासारखी टरटरून फुगते. मग पॉलिश पेपर घेऊन मांडीवर घासायचं. जांघेतल्या मिशांसारख्या रेघा असतात ना, त्या एकेक हातानं. चांगला कारागीर एका पँटला तीन-चार मिनिटं घेतो, त्यापेक्षा जास्त घेतली तर सुपरवायझर येतो. दिवसाला शंभरावर पँट. संध्याकाळी नाक शिंकरलं की निळं. घरी बायको चादर धुवायची तर पाणी निळं व्हायचं. नंतर मंकी वॉश, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचा फवारा. जांभळा मारायचा, तपकिरी होतो, मग दुसऱ्या पाण्यात टाकला की पांढरं. त्या वासानं डोकं चढायचं. माझी बोटं अजून टोकाशी तपकिरी आहेत, फोटो टाकत नाही.

आमचं वाळूचं काम नव्हतं, देवाची कृपा. तुर्कस्तानात दाबानं वाळू मारून जीन्स पांढरी करायचे. ती बारीक वाळू पोरांच्या छातीत जाऊन बसली, सिलिकोसिस होऊन तरणीताठी पोरं गेली. २००९ ला तिथल्या सरकारनं बंदी घातली. पुढच्या वर्षी दोन-तीन मोठ्या कंपन्यांनी जाहीर केलं की आम्ही वाळू मारलेला माल घेणार नाही. तरी बाकी ठिकाणी चालूच होतं.

आमच्या इकडच्या वॉशचं पाणी वालधुनीत जायचं. नदीचा रंग कधी निळा, कधी काळा. पुढे प्रदूषणावरून कारखान्यांना टाळं लागलं. नदीसाठी बरं झालं असं मीच म्हणेन, पण आम्ही रस्त्यावर आलो ते कुणी लिहिलं नाही. आता मी रिक्षा चालवतो.

एवढं सांगायचं कारण, बाजारात १२०० रुपयांना मिळणारी उतरलेली जीन्स पण हातानंच केलेली असते. तीही कस्टमाइज्डच आहे. फक्त तिच्यावर हात मारणाऱ्याला तीन मिनिटं मिळतात आणि जपानच्या बाईला नऊ दिवस. शंकासुर सर, तुम्ही नऊ दिवसवाली नको म्हणता ते ठीक आहे, पण तीन मिनिटवाली तर आपण सगळेच घालतो.

---

शंकासुर

कॅम्प पाच, मी आत्ता उठून कपाट उघडलं. माझ्याकडे तीन जीन्स आहेत. तिन्हींच्या जांघेत मिशा आहेत. मला वाटायचं त्या यंत्रानं छापतात. उद्या सविस्तर लिहितो.

---

उत्तरवारा (सेंदाई)

वाचत होते, पण शंकासुर यांच्या पहिल्या प्रतिसादाला उत्तर द्यायचं राहून जाऊ नये म्हणून लिहिते. ठिगळाची लाज जपानमध्येही होती, आणि ती खूप अलीकडेपर्यंत होती.

या प्रकाराला बोरो म्हणतात. शब्दाचा अर्थच लक्तरं, फाटकं. मी राहते त्याच्याही उत्तरेला, आओमोरीकडे, थंडीमुळे कापूस येत नाही. गरीब शेतकरी अंबाडीसारख्या तागाचे कपडे घालायचे, तेही बर्फात. त्सुगारूच्या बाजूला तर शेतकऱ्यांनी सुती घालायचंच नाही असे नियम होते. दक्षिणेकडून जहाजानं जुन्या सुती कापडाच्या चिंध्या यायच्या, त्या बायका जपून जपून विकत घ्यायच्या आणि तागाच्या दोन थरांत घालून धावदोऱ्यानं शिवायच्या. विरळ तागाची भोकं दोऱ्यानं बुजली की वारा कमी लागायचा. तीच साशिको. तिथे नक्षी नंतर आली, आधी ऊब आली. एकेक अंथरूण तीन-चार पिढ्या चालायचं, त्यावर बाळंतपणं व्हायची.

चांगले दिवस आल्यावर लोकांनी ते जाळलं, माळ्यावर दडवलं. चुझाबुरो तानाका नावाचे आओमोरीचे संशोधक गावोगाव हिंडून ते गोळा करायचे. त्यांच्या संग्रहातल्या ७८६ वस्तूंना जपान सरकारनं महत्त्वाचा लोकसांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली. टोकियोतल्या असाकुसात २००९ ते २०१९ अशी दहा वर्षं त्यांचा संग्रह बघायला मिळायचा, म्यूझियमचं नाव अम्यूझ. मी २०१७ ला गेले होते. तिथे वस्तूंना हात लावायला परवानगी होती. एक लहान मुलाचा अंगरखा मी उचलला, तो इतका जड होता की मला आधी कळेना लहान मूल हा घालून चालेल कसं. बाहीच्या आत, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, एक लाल चिंधी लावलेली होती. लाल कापड त्या काळी किती महाग. आईनं तेवढी एकच मिळवली असेल आणि ती त्याच्या मनगटाजवळ लावली.

मग आता लेबलं जे करतात ते या बायकांची थट्टा आहे का? मला सगळ्यांना एका मापानं मोजता येत नाही. कोजिमाचं कॅपिटल (Kapital) हे लेबल घ्या. संस्थापक तोशिकियो हिराता अमेरिकेत कराटे शिकवायला गेले आणि तिथे जीन्सच्या प्रेमात पडून आले. मुलगा किरो २००२ पासून आला आणि बोरो, साशिको, रंगीबेरंगी तुकडे हे सगळं त्यानं इतकं पुढे नेलं की काही पँट मला वेशभूषेसारख्या वाटतात. आवडतात, पण घालाव्याशा वाटत नाहीत. दुसरीकडे टोकियोचं कुओन, २०१६ चं लहान लेबल. ते ज्यांच्याकडून साशिको करून घेतात त्यात ओत्सुचीच्या बायका आहेत. ओत्सुची म्हणजे इवाते किनाऱ्यावरचं गाव, २०११ च्या त्सुनामीत वाहून गेलेलं. निवाऱ्यात बसून राहिलेल्या बायकांच्या हातात सुई-दोरा दिला गेला, कारण त्याला जागा लागत नाही आणि वीज लागत नाही. काहींनी तेव्हा पहिल्यांदा सुई धरली होती. आज त्या हातांना मागणी आहे, त्याचे पैसे मिळतात.

मला वाटतं, ज्या बाईनं ते केलं तिला विचारलं तर तिनं ते दडवलं असतं की दाखवलं असतं, यावर ठरवावं. ओत्सुचीच्या बायका दाखवतात.

---

मीठभाकर

ओनोमिचीचा उल्लेख अजून कसा आला नाही? हिरोशिमा प्रांतातलं बंदराचं गाव. २०१३ मध्ये तिथे २७० गावकऱ्यांना कोऱ्या जीन्स दिल्या आणि वर्षभर कामावर घालायला सांगितल्या. कोळी, सुतार, शेतकरी, देवळातले भिक्षूसुद्धा. आठवड्यानं पँट धुवायला परत, तोवर दुसरी घालायची. वर्षानंतर त्या विकायला ठेवल्या, कुणी कुठलं काम करताना घातली त्या नोंदीसह. कोळ्याच्या पँटवर मांडीला जाळी ओढल्याचे घासे, सुताराच्या खिशाला टेपचा ठसा.

नीळवेडा, तुमचा "दुसऱ्याच्या आठवणी" हा मुद्दा इथे उलटा होतो. तिथे लोक दुसऱ्याच्याच आठवणींसाठी रांग लावतात, आणि त्या खऱ्या असतात.

---

नीळवेडा

मीठभाकर, हे मला माहीत होतं आणि तरी मी लिहिताना विसरलो. तुमचं बरोबर आहे. पण मी कोळ्याची पँट घेऊन काय करू? तो रोज पहाटे समुद्रावर जातो, मी अंधेरीला. मला ती भिंतीवर लावावीशी वाटेल, पायात नाही.

जाता जाता एक: जाड निळ्या सुती कापडाला आणि त्याच्या कामकरी पँटला इंग्रजीत डंगरी म्हणतात, तो शब्द आपल्या मुंबईतल्या डोंगरीचा. तिथे मिळणारं जाडंभरडं कापड १७ व्या शतकापासून जहाजांनी बाहेर जायचं, खलाशी त्याचे कपडे शिवायचे. रोज हार्बर लाइननं सँडहर्स्ट रोडवरून जाताना मला हे आठवतं आणि बरं वाटतं.

---

शंकासुर

कबूल केल्याप्रमाणे लिहितो. काल रात्री आईला फोन केला. सुईदोराताईंनी विचारलं होतं ना, हात कसा होता. मी कधीच विचारलं नव्हतं. ती म्हणाली, ते ठिगळ तिनं दोनदा उसवून परत लावलं होतं, कारण पहिल्यांदा कापडाची वीण आडवी गेली होती आणि बसल्यावर ओढलं गेलं असतं. दिव्याखाली बसून. "गोल कापलं होतं मुद्दाम, चौकोनी ठिगळाचे कोपरे उसवतात." मी चाळीस वर्षं त्या ठिगळाचा रंग लक्षात ठेवला आणि ते गोल का होतं हे मला काल कळलं.

मी ती जीन्स अजूनही घेणार नाही. माझ्यानं होणार नाही, ती भिंत माझ्या पाठीला आहे. पण कुणी घेतली तर वाईट वाटेल असं जे लिहिलं होतं, ते मागे घेतो.

कॅम्प पाच, तुमचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमच्या ओळखीतल्या एका डॉक्टरांना छातीचा एक्स-रे दाखवून घेऊ. सहा वर्षं ती धूळ घेतलीय तुम्ही, नुसतं देवाची कृपा म्हणून सोडू नका.

---

कॅम्प_पाच

केला सर. आभार.

---

सुईदोरा

शंकासुर दादा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. गोल ठिगळ लावणं अवघड असतं, कडा दुमडताना चुण्या पडतात. त्यांनी वेळ दिला होता.

---

रानजाई

मधले पंधरा दिवस इथे येता आलं नाही. आज सगळे प्रतिसाद सलग वाचले.

त्या दुकानाला पत्र लिहिलं होतं. विचारलं की टाके कोण घालतं आणि गिऱ्हाइकानं स्वतःचं कापड आणलं तर लावून देतात का. उत्तर आलं. काम करणाऱ्या तिघी आहेत, एक सत्तरीच्या पुढची, तिनंच बाकी दोघींना शिकवलं. कापड आणलं तर लावून देतात, मात्र पँट आधी वर्षभर घातलेली हवी. कोऱ्या पँटवर ठिगळ नीट बसत नाही म्हणे, कारण कापड कुठे झिजणार ते अजून कळलेलं नसतं. धोटेवाला, तुम्ही हेच म्हणत होता.

तर मी बिनठिगळाची मागवली, परवा आली. शिवण उलटून पाहिली. पांढरा काठ आहे, मध्ये लाल दोरा. टबात कोमट पाण्यात भिजवली, कमरेत दीड इंच आटली. नीळवेडा, आधीच सांगितलंत म्हणून मोठं माप घेतलं होतं. आता वर्षभर घालणार, सायकलवर, मुलाला शाळेत सोडताना, बागेत.

आईला सांगितलं. ती काही बोलली नाही, पण आज सकाळी तिनं फोटो पाठवला. आजीचं इरकल, दंड घालून जोडलेलं, मधली शिवण अजून घट्ट आहे. म्हणाली, यातलं पदराकडचं हातभर कापून ठेवते, पुढच्या वर्षी गुडघ्याला लाव. आणि वरनं लाव.

सुईदोराताई, एकच अडचण आहे. पदर लाल आहे आणि आईला खात्री नाही की त्याचा रंग पक्का आहे. निळ्यावर लाल उतरला तर? आधी मिठाच्या पाण्यात घालू का?

---

सुईदोरा

मिठाच्या भरवशावर राहू नका, कच्चा रंग मिठानं पक्का होत नाही. आईंना सांगा, कोपऱ्यावर पांढरं ओलं फडकं दाबून धरायचं, पाच मिनिटं. फडकं लाल झालं तर गार पाण्यात वेगळं धुवायचं, पाणी नितळ निघेपर्यंत, सात-आठ वेळा लागतील. साबण नको, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. फडकं पांढरं राहिलं तर काही करू नका, तसंच पाठवा.

आणि दंडाची शिवण उसवू नका. ती शिवण असलेलाच तुकडा कापायला सांगा, चारी बाजूंनी दोन बोटं जास्त ठेवून.